जड कामाआधीची दहा मिनिटं : कामाच्या जागी व्यायामाचा कार्यक्रम कसा उभा करावा

"दिवसभर अंगमेहनतच तर करतो आम्ही. वर आणखी व्यायाम कशाला?"

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. माल चढवणारा विचारेल, रुग्णांना उचलून बसवणारी नर्स विचारेल, छताखाली हात वर करून तारा ओढणारा वायरमनही विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर तुमच्याकडे नसेल, तर कार्यक्रम पंधरा दिवसही टिकणार नाही.

उत्तर असं. काम शरीराकडून तेच ते मागत राहतं. त्याच बाजूला वळायचं, त्याच उंचीवरून उचलायचं, थकलं तरी थांबायचं नाही. व्यायामात मात्र भार किती, किती वेळा आणि मध्ये विश्रांती किती हे आपण ठरवतो, त्यामुळे शरीराला सावरायला आणि मजबूत व्हायला उसंत मिळते. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकावर बरंच काम केलं आहे. फावल्या वेळातल्या व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो कामावरच्या जड मेहनतीने होताना दिसत नाही, असं ते सांगतात. कामावर हृदयाचे ठोके तासन्‌तास थोडे चढलेलेच राहतात, ओझं उचलताना रक्तदाब वाढतो आणि विश्रांती अपुरी पडते. म्हणून "रोज एवढं उचलतो, म्हणजे तब्येत कमावलेलीच आहे" हे गृहीत धरू नका.

हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याच्यावर "आपल्याकडे व्यायामाचं काहीतरी सुरू करा" ही जबाबदारी नुकतीच येऊन पडली आहे. तुम्ही सुपरवायझर असाल, सुरक्षा अधिकारी असाल किंवा कामगारांमधलेच एक असाल. स्वतःपुरतं काही करायचं असेल तरी यातल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतील.

पहिली पायरी : व्यायाम निवडण्याआधी काम पाहा

इथे बहुतेक जण घाई करतात. मीही केली होती. पहिल्या ठिकाणी आम्ही ताण देण्याच्या व्यायामांचं एक छान रंगीत पोस्टर भिंतीवर लावलं आणि रोज सकाळी पाच मिनिटं ठरवून दिली. तिसऱ्या आठवड्यात त्या पाच मिनिटांत लोक मोबाईल पाहत उभे असायचे. चूक त्यांची नव्हती. पोस्टरवरचे व्यायाम आणि त्यांचं काम यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

म्हणून आधी दोन-तीन पाळ्या नुसतं उभं राहून पाहा. वही घ्या. एक माणूस तासाला किती वेळा वाकतो? ओझं जमिनीवरून उचलतो की कमरेच्या उंचीवरून? उचलल्यावर पाय वळतात, की पाय जागेवर राहून नुसती कंबर पिळली जाते? हात खांद्याच्या वर किती वेळ असतात? हातात थरथरणारं यंत्र आहे का? कडक फरशीवर सलग उभं राहावं लागतं का? हे सगळं रात्रपाळीतही पाहा. रात्री माणसं कमी असतात आणि दोघांचं काम एकटा उरकत असतो.

मग दुखापतींची नोंदवही उघडा, पण तिच्यावर विसंबू नका. तिथे येतं ते पडणं, कापणं, चेंगरणं. रोज थोडी थोडी धरणारी कंबर नोंदवहीत येत नाही. त्यासाठी माझा आवडता उपाय साधा आहे. एका मोठ्या कागदावर माणसाची पुढून आणि मागून अशी दोन रेखाचित्रं काढा, कागद जिथे कोणी पाहत नसेल अशा जागी लावा आणि सोबत पेन्सिल ठेवा. जिथे दुखतं तिथे ज्याने त्याने फुली मारायची, नाव लिहायचं नाही. एका गोदामात आम्ही कंबरेच्या तयारीने गेलो होतो. आठवड्याने पाहिलं तर निम्म्याहून अधिक फुल्या उजव्या खांद्यावर. सगळ्यात जास्त खपणारा माल सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता, हे त्यातून उलगडलं.

दुसरी पायरी : जे काम बदलून सुटतं, ते व्यायामावर ढकलू नका

ती फळी खाली आणणं हाच तिथला पहिला उपाय होता, व्यायाम नव्हे. सुरक्षेच्या क्षेत्रात उपायांची एक उतरंड मानतात. धोका मुळातच काढून टाकता आला तर उत्तम. नाहीतर यंत्र किंवा मांडणी बदलावी, मग कामाची पद्धत बदलावी, आणि माणसाच्या अंगावर जबाबदारी टाकणारे उपाय शेवटी ठेवावेत. व्यायाम या शेवटच्या टोकाला बसतो. तो उपयोगी आहे, पण त्याच्या जागी.

हे आकड्यांतून पाहिलं की पटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, उचलण्याच्या कामासाठी एक सूत्र दिलं आहे. १९९१ साली सुधारलेल्या या सूत्रात सगळं काही आदर्श असेल तेव्हाची मर्यादा २३ किलो धरली आहे. आदर्श म्हणजे ओझं अंगालगत, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर, पकड चांगली, वळायचं नाही आणि उचलण्याची वेळ क्वचितच येणारी. आता तेच ओझं २५ ऐवजी ५० सेंटिमीटर लांब धरावं लागलं तर मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. जमिनीवरून उचलायचं असेल तर २३ चे सुमारे १८ होतात. दोन्ही एकत्र आलं तर जेमतेम ९ किलो उरतात, आणि त्यात वळणं व वेग मिळवला की आकडा आणखी घसरतो. खोक्याखाली एक रिकामं पॅलेट सरकवलं, किंवा मधला अडथळा काढून माणसाला खोक्याच्या जवळ उभं राहू दिलं, तर कित्येक महिन्यांच्या व्यायामाने मिळणार नाही एवढा दिलासा एका दुपारीत मिळतो.

मी तर असं सुचवेन की व्यायामाची घोषणा करायच्या आधी असे दोन-तीन बदल करून दाखवा. ट्रॉलीची अडकणारी चाकं बदला, जड माल कमरेच्या उंचीवर आणा. मग तुम्ही व्यायामाला बोलावलंत की लोक येतात. नाहीतर "काम तसंच ठेवून आम्हालाच पोलादी बनवायला निघालेत" असं त्यांना वाटतं, आणि त्यांचं चुकतही नाही.

तिसरी पायरी : वेळ पाळीतला हवा

यावर तडजोड करू नका. व्यायाम पगारी वेळेत, कामाच्या जागीच व्हायला हवा. "घरी जाऊन करा" म्हणून कागद वाटले तर ते खिशातच राहतात. डेन्मार्कमधल्या तीन रुग्णालयांत २०० महिला कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने कामाच्या वेळेत, सहकाऱ्यांबरोबर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम केला, दुसऱ्या गटाने घरी एकट्याने. दोघांनाही आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटं सांगितली होती. दहा आठवड्यांनी पाहिलं तर कामावर व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालं होतं आणि पाठीची ताकदही अधिक वाढली होती. घरी दुसरी पाळी वाट पाहत असते, तिथे ही दहा मिनिटं कुठून येणार?

सुरुवातीला प्रत्येकाला काही साधे प्रश्न विचारून घ्या. श्रम करताना छातीत दुखतं का, चक्कर येऊन पडलात का, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, गरोदर आहात का. कशालाही उत्तर हो आलं तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. ही माहिती डॉक्टर किंवा नर्सकडेच राहील, आणि तिच्यामुळे कोणाचं काम जाणार नाही, हे लेखी द्या. असा भरवसा नसेल तर लोक खरं सांगणार नाहीत आणि ज्याला खरी काळजीची गरज आहे तोच लपून राहील. व्यायाम ऐच्छिक असू द्या. न येणाऱ्याला टोमणा नको.

चौथी पायरी : पाळी सुरू होतानाची हालचाल

"वॉर्मअप म्हणजे ताण देणं" हा समज फार पक्का बसलेला आहे. स्नायू ताणून एकाच जागी धरून ठेवण्याने दुखापती टळतात, याला भक्कम आधार नाही. उलट एखादा स्नायू मिनिटभराहून अधिक काळ तसा ताणून धरला, तर त्यानंतर थोडा वेळ त्याची ताकद किंचित कमी पडते. पुढच्या क्षणी ओझं उचलायचं असेल तर हा सौदा चांगला नाही. लांबवर ताण द्यायचाच असेल तर तो पाळी संपल्यावर द्या.

सुरुवातीला हवी ती हालचाल. स्नायूंचं तापमान वाढलं पाहिजे, सांधे मोकळे झाले पाहिजेत आणि आज ज्या हालचाली करायच्या आहेत त्यांची हलक्या भारात उजळणी झाली पाहिजे. मी साधारण हा क्रम ठेवते.

दोन मिनिटं जागेवर चालणं, गुडघे हळूहळू वर नेत, हात मोकळे झुलवत. श्वास थोडा वाढला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. मग खांद्यांची वर्तुळं आणि हातांची मोठी वर्तुळं, दोन्ही दिशांनी. त्यानंतर खुब्यातून वाकणं. हात मांड्यांवर ठेवायचे, गुडघे किंचित सैल, आणि मागच्या बाजूने दार ढकलून बंद करायचं असल्यासारखं बूड मागे न्यायचं. पाठ सरळ राहते, वाकतो तो खुबा. ही एक हालचाल जड काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त कामाची आहे, म्हणून दहा वेळा, घाई न करता. मग दहा अर्ध्या बैठका, दोन्ही पायांनी आलटून पालटून पुढे टाकलेली लांब पावलं आणि पाय वळवत केलेलं वळणं. वळताना मागची टाच उचलली जाऊन पाऊल फिरलंच पाहिजे, म्हणजे कंबर पिळली जात नाही. शेवटी मनगटं आणि बोटं, मुठी उघडझाप. आणि कामाचं पहिलं ओझं हलकं निवडायचं. पहिली पाच-दहा खोकी सावकाश उचलणं हाही वॉर्मअपचाच भाग आहे.

एक सावधगिरी पहाटेच्या पाळीसाठी. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते, आणि तो फरक मुख्यतः उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच कमी होतो. फुगलेल्या चकत्यांवर वाकताना जास्त ताण येतो. त्यामुळे झोपेतून उठून लगेच कामावर आलेल्यांना पायाचे अंगठे धरायला लावू नका. आधी चालणं, मग खुब्यातून वाकणं. काही तास गाडी चालवून आलेल्या चालकालाही हेच सांगा. इंजिन बंद केल्यावर लगेच माल उतरवायला हात घालायचा नाही, आधी गाडीभोवती दोन-चार फेऱ्या मारायच्या.

हे सगळं कंटाळवाणं होईल अशी भीती वाटत असेल तर जपानकडे पाहा. तिथे १९२८ साली रेडिओवरून व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याला 'राजिओ ताइसो' म्हणतात. पियानोची सुरावट चालते आणि त्यावर तेरा हालचाली, सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास. आजचं रूप १९५१ चं आहे आणि अजूनही तिथल्या कित्येक कारखान्यांत आणि बांधकामांवर दिवसाची सुरुवात त्याने होते. क्रम ठरलेला, सूर ठरलेला आणि सगळे एकत्र. एवढ्यावर ते टिकलं. तुम्हीही एक ठरावीक संगीत निवडा आणि ते बदलत बसू नका. सूर वाजला की अंग आपोआप हलायला लागतं.

पाचवी पायरी : ताकद, आणि तीही हळूहळू

वॉर्मअपने शरीर त्या दिवसापुरतं तयार होतं. दुखापत टाळायची तर ताकद वाढवावी लागते. बहुतेक कार्यक्रम नेमके इथे पोहोचतच नाहीत.

कंबरदुखी टाळण्याच्या उपायांचा एक मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम आणि माहिती यांची जोड दिली तर कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्के कमी होतो, नुसत्या व्यायामाने सुमारे ३५ टक्के. कमरेचे पट्टे आणि बुटातल्या गाद्या यांनी फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. नायॉशने १९९४ सालीच सांगितलं होतं की दुखापत नसलेल्या कामगारांना केवळ प्रतिबंध म्हणून पट्टा बांधायला लावण्याची शिफारस करता येत नाही. नुसतं "असं उचला, तसं उचलू नका" हे प्रशिक्षणही एकटं पुरत नाही, असं या विषयावरच्या कॉक्रेन आढाव्याचं, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षाचं, म्हणणं आहे. मला यात नवल वाटत नाही. गाडी सुटायला दहा मिनिटं उरलेली असताना माणूस शिकवल्याप्रमाणे उचलत नाही, जमेल तसं उचलतो. त्या क्षणी उपयोगी पडते ती अंगातली ताकद आणि सवय.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, पंधरा मिनिटं पुरे. साधनं म्हणाल तर रबरी पट्टे, वाळूच्या काही पिशव्या आणि एक भिंत. बैठका आणि जोर यांना आजवर फारसा पर्याय सापडलेला नाही. जोर जमत नसतील तर भिंतीवर हात टेकून सुरुवात करा, मग टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. खुब्यातून वाकून वाळूची पिशवी उचलणं आणि ठेवणं. रबरी पट्टा छातीसमोरून मागे खेचणं, कोपर बरगड्यांना घासत, दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांकडे आणत. पिशवी फक्त एका हातात घेऊन वीस पावलं सरळ चालणं, मग हात बदलून परत. यात अंग एका बाजूला झुकू द्यायचं नाही, आणि कमरेच्या बाजूचे स्नायू त्यासाठीच राबतात.

पाठीच्या कण्यासाठी कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले दोन व्यायाम मी जवळजवळ सगळीकडे घेते. एक, हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन समोरचा एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ लांबवायचा आणि दहा सेकंद धरायचा. दुसरा, कुशीवर होऊन कोपरावर आणि गुडघ्यांवर अंग उचलून धरायचं. दिसायला अगदी सोपे. पण बलदंड माणसाचाही हात थरथरताना मी पाहिला आहे.

किती करायचं? आठ ते बारा वेळा, असे दोन फेरे. फेरा संपताना "अजून दोनदा जमलं असतं" असं वाटलं पाहिजे. दम संपेपर्यंत नेऊ नका, या लोकांना पुढे पाळी काढायची आहे. भार वाढवायचा तर एका वेळी एकच गोष्ट वाढवा, एकतर वजन किंवा संख्या, आणि तीही दोन आठवडे सहज झाल्यावर. स्नायू लवकर ताकद धरतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागे राहतात. दुसऱ्या महिन्यात अंगात जोर आल्यासारखा वाटतो, माणूस एकदम वजन वाढवतो आणि कोपर किंवा खांदा धरतो, ते याच तफावतीमुळे. हे सत्र पाळीच्या पहिल्या अर्ध्यात ठेवा. आठ तास राबलेल्या शरीराकडून नीट हालचाल होत नाही.

आता कामानुसार भर कुठे द्यायचा ते पाहा. रुग्णसेवेत ओढणं, सरकवणं आणि वळणं जास्त असतं, म्हणून पट्टा खेचणं आणि एका हातातलं ओझं नेणं. हात वर ठेवून काम करणाऱ्यांना खांद्याच्या पात्यांची ताकद हवी, आणि छातीमागची पाठ मागे वळती व्हायला हवी. भिंतीला टेकून दोन्ही हात वर-खाली सरकवण्याचा व्यायाम त्यांना चांगला. दिवसभर उभं राहणाऱ्यांना टाचा उचलणं, पायरीच्या कडेवर, सावकाश खाली येत. सतत पकड लागणाऱ्या कामात मनगट वर नेणाऱ्या स्नायूंकडे लक्ष द्या. वजन वर न्यायला दुसऱ्या हाताची मदत घ्यायची आणि खाली आणताना मात्र एकट्या हाताने, तीन-चार सेकंद घेऊन. थरथरणारी यंत्रं वापरणाऱ्यांची बोटं गार हवेत पांढरी पडत असतील, मुंग्या येत असतील, तर त्यावर व्यायामाचा उपाय नाही. यंत्र बदलायचं, वापरण्याची वेळ कमी करायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

सहावी पायरी : नवा माणूस आणि रजेवरून परतलेला

टोरांटोमधल्या 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संस्थेच्या संशोधनानुसार, वर्षाहून जास्त काळ त्याच कामावर असलेल्यांच्या तुलनेत पहिल्या महिन्यातल्या कामगाराला कामावर खाडा पाडणाऱ्या दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक असतो. आपण नेमकं उलटं वागतो. नव्या माणसाची पारख करायला त्याला सगळ्यात जड काम देतो.

पहिले चार आठवडे चढते ठेवा. पहिल्या आठवड्यात जड उचलण्याचा वाटा नेहमीच्या निम्म्यावर, मग थोडा थोडा वाढवत. सोबत एक जुना माणूस द्या, ज्याला "हे दोघांनी उचलायचं" असं म्हणायची लाज वाटत नाही. त्याच्याकडून नवा माणूस जे शिकेल ते कोणत्याही वर्गात शिकणार नाही. आजारपणानंतर किंवा लांब रजेनंतर परत येणाऱ्यालाही हीच सवलत द्या. तो जुनाजाणता असतो, म्हणून पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने सुटतो. डोक्यात वेग तोच असतो, अंगातली ताकद मात्र उतरलेली असते.

सातवी पायरी : मधल्या दोन मिनिटांचा उपयोग

दर तास-दीड तासाने दोन मिनिटं, कामाच्या उलट दिशेची हालचाल. वाकून काम असेल तर सरळ उभं राहून हात कमरेवर ठेवत हलकेच मागे झुकायचं. हात वर असतील तर खाली सोडून झटकायचे. उभं राहणाऱ्याने दोन मिनिटं बसायचं, बसणाऱ्याने चालायचं. दोन मिनिटांनी काय होणार, असं वाटतं खरं. पण मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रबरी पट्ट्याचा रोजचा दोन मिनिटांचा व्यायामही दहा आठवड्यांत दुखणं कमी करायला पुरला होता.

आठवी पायरी : पुढे कोण उभं राहणार?

बाहेरचा प्रशिक्षक सुरुवातीचे काही आठवडे असावा. मग कामगारांमधलेच दोन-तीन जण तयार करा. निवडताना सगळ्यात पिळदार माणूस शोधू नका. ज्याचं लोक ऐकतात, जो कोणाची खिल्ली उडवत नाही, तो शोधा. एकदा पाठीने बेजार होऊन गेलेली, आता सावरलेली एखादी बाई किंवा माणूस मिळाला तर त्याच्याइतकं मनापासून कोणीच सांगत नाही. प्रत्येक हालचालीचा सोपा पर्याय त्याला माहीत हवा, म्हणजे पन्नाशीतल्या गुडघ्यांनाही रांगेत जागा राहते. आणि सुपरवायझर हात बांधून बाजूला उभा राहणार असेल तर त्याने न आलेलं बरं. त्याने रांगेत उभं राहून बैठका माराव्यात.

नववी पायरी : दुखलं तर काय?

सवय नसलेला व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. दोन्ही बाजूंनी सारखं, बोथट, दाबल्यावर जाणवणारं हे दुखणं काही दिवसांत आपोआप ओसरतं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यानंतर निम्मी रांग रिकामी होईल. तीव्र कळ, सांध्यातच दुखणं, एकाच बाजूला उतरत जाणारी कळ, दिवसेंदिवस वाढणारा त्रास या गोष्टी वेगळ्या. तिथे व्यायाम थांबवून तज्ज्ञाला दाखवायचं. आणि कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचं. ही तीन लक्षणं प्रत्येक गटप्रमुखाला पाठ असली पाहिजेत.

'अमुक इतके दिवस एकही दुखापत नाही' असे फलक लावून बक्षीस वाटण्याची पद्धत मला घातक वाटते. सगळ्यांचं बक्षीस आपल्यामुळे बुडू नये म्हणून माणूस लचक लपवतो, आणि चार दिवसांत बरी झाली असती ती लचक महिनाभर घरी बसवते. बक्षीस द्यायचंच असेल तर लवकर सांगणाऱ्याला द्या.

दहावी पायरी : तीन महिन्यांनी पुन्हा कागद लावा

निदान बारा आठवडे निकालाची घाई करू नका. जागा लहान असेल तर दुखापतींचे आकडे तसेही उड्या मारतात, एका महिन्यात शून्य आणि पुढच्यात तीन. त्यामुळे केवळ तेवढ्यावर यश-अपयश ठरवू नका. हजेरी किती टिकली, दुखण्यामुळे खाडे किती झाले, खुर्चीतून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं, हे आधी आणि नंतर मोजा. सुरुवातीला तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. लोक बोलू लागले आहेत.

आणि तो रेखाचित्रांचा कागद पुन्हा लावा. त्या गोदामात दुसऱ्या वेळी खांद्यावरच्या फुल्या बऱ्याच विरळ झाल्या होत्या. फळी खाली आली होती, पट्टा खेचून पाठही बळकट झाली होती. अंगठ्याच्या मुळाशी मात्र फुल्या तेवढ्याच होत्या. व्यायामात आम्ही बोटं-मनगटं रोज घेत होतो, तरीही. मी वही घेऊन पॅकिंगच्या टेबलाशेजारी एक पाळी उभी राहिले, तेव्हा दिसलं की चिकटपट्टी लावायच्या यंत्राची मूठ तिथल्या निम्म्या हातांना मोठी होत होती. मुठी बदलायची मागणी त्याच संध्याकाळी लिहून दिली.